मुक्तीच्या आठवड्यातला मृत्यू

चौतीस वर्षांच्या नोकरीतले पुष्कळ तपास आता पुसट झाले आहेत. आरोपीचा चेहरा आठवतो तर कलम आठवत नाही, कलम आठवतं तर गाव आठवत नाही. एक तपास मात्र जसाच्या तसा समोर उभा राहतो, आणि तो माझ्या नोकरीतला नाहीच. तो निवृत्तीनंतरचा, तोही भारताबाहेरचा. त्यात फिर्याद नव्हती, गुन्हा नोंद नव्हता आणि माझ्या अंगावर वर्दी नव्हती. तरीही मी तो तपास म्हणूनच केला, कारण दुसरं काही मला येत नाही. त्यातली माणसं अजून आहेत, म्हणून कुणाचंही नाव लिहीत नाही.

आधी माझ्याविषयी थोडं सांगतो. माझे वडील शिरोड्याच्या मिठागरात मजुरी करत. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. वडिलांना सही येत नव्हती, म्हणून माझ्या पदवीच्या कागदावर त्यांनी नुसता हात फिरवला होता. त्या दिवसापासून माझा कागदावर फार विश्वास. खात्यातसुद्धा माझी ख्याती तीच. माणूस काय सांगतो ते नंतर, आधी कागद दाखवा, असं म्हणणारा अधिकारी.

मुलगी आयर्लंडमध्ये मलिंगार या गावी सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिच्या बाळंतपणासाठी मी आणि सौ. २०२० च्या फेब्रुवारीत तिथे गेलो ते अडकलोच. विमानं बंद झाली, मग सुरू झाली, मग पुन्हा कडक निर्बंध आले. २०२१ च्या जानेवारीत घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. दुपारी साडेचारला अंधारून यायचं. गावातून एक जुना कालवा जातो, त्याच्या काठाने मी रोज चालायला जायचो. पाणी वाहताना दिसत नाही, धुकं असलं की पलीकडचा काठही दिसत नाही. मधूनच एखादा कुत्रा आणि त्याच्यामागे त्याचा मालक धुक्यातून बाहेर यायचे, मालक म्हणायचा, "ग्रँड डे," आणि दोघंही परत धुक्यात जायचे. त्यात ग्रँड काय होतं ते मला वर्षभरात समजलं नाही.

एक दिवस मुलगी म्हणाली, "बाबा, आमच्या वॉर्डात केअर असिस्टंट आहे ना, ती पेडण्याची, तिला तुमच्याशी बोलायचंय. तिच्या सासऱ्यांचं काहीतरी बिनसलंय."

"डॉक्टर तू आहेस."

"माझ्याशी ते इंग्लिशमध्येही बोलत नाहीत आणि मराठीतही. तुमच्यासारखं बोलतात. मालवणी."

पेडणे म्हणजे गोव्याचा उत्तरेकडचा तालुका. मधे तेरेखोलची नदी, अलीकडे आमचं शिरोडं. त्या बाईचा नवरा, म्हणजे म्हाताऱ्याचा मुलगा, मला कालव्याच्या पुलावर भेटला. दोन मीटर अंतर ठेवून, मास्क लावून. पस्तिशीचा, मांस पॅकिंगच्या कारखान्यात काम करणारा, हातांना सतत थंडीत राहिल्याचा लालसरपणा.

"काका, तुम्ही पोलीस होता ना?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"होतो."

"मग हे बघा." त्याने मोबाइल पुढे धरला.

मोबाइलवर शाळा सोडल्याच्या दाखल्याचा फोटो होता. खाली भावकीतल्या एका चुलतभावाने गावाहून पाठवलेला मजकूर. त्याचा अर्थ असा: तुझ्या बापाचा हा खरा दाखला. ज्याच्या नावावर तुम्ही पोर्तुगालचे नागरिक झालात तो तुझ्या बापाचा थोरला भाऊ, तो मुक्तीच्या आठवड्यातच मेला. गावातल्या घराच्या हिश्श्यावर सही करून दे, नाहीतर हा दाखला जिथे पोचवायचा तिथे पोचवतो.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गोवा १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांकडून भारताकडे आला, तीच मुक्ती. त्याच्या आधी तिथे जन्मलेल्यांची नोंद पोर्तुगीज दप्तरात आहे, आणि ती नोंद असलेल्यांना, त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगाल आपला नागरिक मानतो. त्या पासपोर्टवर युरोपात कुठेही राहता येतं. आयर्लंडमध्ये अशी पुष्कळ गोवेकर घरं आहेत. या घराचं सगळं बस्तान म्हाताऱ्याच्या त्या एका जन्मनोंदीवर होतं: मुलाची नोकरी, सुनेची नोकरी, दोन नातींची शाळा, सगळं. आणि चुलतभाऊ म्हणत होता की ती नोंद एका मेलेल्या पोराची आहे.

"खरं आहे का हे?" मी विचारलं.

तो कालव्याकडे बघत राहिला. "एजंटने अॅफिडेव्हिट केलं होतं, काका. नोंदीतलं नाव आणि दाखल्यावरचं नाव एकाच माणसाचं आहे म्हणून. बाबा तेव्हा म्हणाले होते, हे खोटं आहे, मी नाही सही करणार. मीच करायला लावली."

"मग आता?"

"आता ते म्हणतात, सोमवारी इथल्या पोलिसांच्या गार्डा स्टेशनला जाऊन सांगणार. मी मेलेला माणूस आहे, मला धरा. रोज सांगतात. दिवस मोजतात. आणि घरात..." तो थांबला. "तुम्ही एकदा भेटा त्यांना. बायको घाबरते हल्ली."

सून कशाला घाबरते ते मला दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीकडून कळलं. म्हातारा दुपारी चहा दोन कप मागायचा. एक स्वतः प्यायचा, दुसरा टेबलाच्या पलीकडे ठेवायचा आणि थंड झाला की हलक्या हाताने बेसिनमध्ये ओतायचा. बाहेरून आला की दार लगेच लावायचा नाही. एक माणूस आत येईल एवढा वेळ उघडं धरायचा. आणि बाहेर कुणी पासपोर्टवरच्या नावाने हाक मारली तर स्वतः ओ द्यायचा नाही, मागे बघायचा.

गुरुवारी दुपारी दोनला मी त्याला कालव्याकाठच्या बाकावर बसवलं. घरात कुणाकडे जायला परवानगी नव्हती, पण व्यायामाला बाहेर पडलेल्या दोन माणसांनी लांब बसून बोलायला हरकत नव्हती. मी बाकाच्या या टोकाला, तो त्या टोकाला. बारकासा माणूस, कानटोपी, सुनेचा जुना जांभळा कोट. धुकं असं होतं की समोरचं पाणी आहे हे फक्त वासावरून कळत होतं.

सुरुवातीला मी गावाकडचं बोललो. तेरेखोलची होडी, मिठागरं, शिरोड्याचा बाजार. चौकशीचा हा पहिला नियम, जो कुठल्या पुस्तकात नाही. माणसाला आधी त्याच्या पायाखालची जमीन द्यायची, मग हळूच काढून घ्यायची.

"साहेबानू," तोच मधे म्हणाला, "तुमी माका विचारूक इलात ता विचारा. माका थंडी बाधता."

मी हसलो. "कित्याक मागे बघतात सारखे?"

"तो येता."

"कोण?"

"ज्येचा नाव तो." त्याने मानेने दाखवलं. "माझ्या फाटसून चलता. दोन पावलां अंतर ठेवन. आता ह्या रोगात सगळेच ठेवतत. तो आधीपासून ठेवता."

मी पोलीस आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण मागे वळून बघितलं हे कबूल करतो. धुकं होतं, आणि त्यात पायवाट दोन पावलांपर्यंतच दिसत होती.

मग मी उलटतपासणी सुरू केली. शेवटाकडून मागे मागे येत विचारायचं, म्हणजे पाठ केलेली गोष्ट मोडते. पासपोर्ट कधी, प्रतिज्ञापत्र कधी, लग्न कधी, शाळा कधी, शाळेआधी कुठे. पाऊण तासात सगळं बाहेर आलं. वडील मुक्तीच्या आधीच वारलेले. आई दोन मुलं घेऊन सासरी. थोरला तीन वर्षांचा, आजोबांचं नाव ठेवलेला, त्याची पोर्तुगीज दप्तरात नोंद. धाकटा तान्हा, त्याचं अजून बारसंही नव्हतं. सैन्य आलं त्या आठवड्यात घरात ताप शिरला, थोरला गेला. आई तिसऱ्या दिवशी तान्ह्याला घेऊन नदी ओलांडून आमच्या बाजूला माहेरी आली. तो तान्हा म्हणजे मी, असं म्हातारा म्हणाला. घरात त्याला दगडाचं नाव होतं. अशी नावं आमच्याकडे पुष्कळ असतात. आधीची मुलं दगावली की पुढच्याला असलं काहीतरी नाव ठेवतात, म्हणजे ते कुणाला न्यावंसं वाटत नाही.

"आवस दर वर्साक त्येच्या नावान पान वाढी," म्हातारा आईविषयी सांगत होता. "कावळो शिवलो की माका जेवूक बसय. मी ताच जेवय."

"आणि हे सगळं माहीत असून तुम्ही त्याच्या नावाने सही केली."

"केलंय." त्याचे डोळे कोरडे होते. "झिलान हात जोडल्यान. नातीचा शिक्षण म्हणालो. मी केलंय. तेवापासून तो माझ्या फाटी. नाव होया त्येका परत. सोमवारी देऊन टाकतंय."

"तुमच्या मुलाचं, नातींचं काय होईल?"

"म्हायत आसा माका. झील रडता. पण साहेब, मी त्येचा आयुष्य जगतंय. त्येचा घर, त्येचो देश, त्येचो कागद. किती दिवस जगू?"

कबुली मिळाली होती. खरं सांगतो, मला बरं वाटलं. निवृत्त झालो तरी हात गेलेला नाही, असं वाटलं. उठता उठता मी सवयीने एक शेवटचा प्रश्न विचारला, पंचनाम्याला लागतो तसा. थोरल्याला कुठे ठेवलं?

"काजीच्या झाडाबुडी. भायर सुरुंग उडालेलो, पूल पडलो तेवा. आवशीन माझ्या तोंडार हात धरल्यान. माती वली होती. इतक्याशा होता गाठोडा." त्याने दोन्ही हात समोर धरून लांबी दाखवली. दीड फूट. जेमतेम.

"तुम्ही तान्हे होता. तुम्हाला कसं आठवतं?"

तो माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसला. "माका खय आठवता? तोच दाखयता."

मी नमस्कार करून निघालो, आणि कालव्याच्या पुलापर्यंत पावलं मोजत गेलो. माझीच पावलं, पण मोजत गेलो.

घरी येऊन टिपण काढलं. दाखला, प्रतिज्ञापत्र, कबुली. मामला सरळ होता: मृत व्यक्तीच्या नावाचा वापर. आता फक्त मुलाला वकील गाठून द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं. सौ. नातीला भरवत होती. नऊ महिन्यांच्या नातीला त्याच आठवड्यात पहिला दात आला होता, आणि सौ. चांदीचा चमचा त्या दातावर टिक टिक वाजवून सगळ्यांना ऐकवत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती चमचा तसाच धरून राहिली.

"तीन वर्षांच्या मुलाला पुरलं?"

"पुरलं. काजूच्या झाडाखाली."

"अहो, दात आलेल्या पोराला आपल्यात पुरतात का कधी? दात नसले तर पुरतात. दात आले की जाळतात."

आकस्मिक मृत्यूचे शेकड्यांनी पंचनामे केलेत मी. लहान मुलांचेही. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही, आमच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक असते. कबुली हातात आली आणि मी विचार करायचं थांबवलं होतं. तीन वर्षांचं मूल म्हणजे तोंडभर दात. त्याला जाळलं असतं. आणि म्हाताऱ्याने हातांनी दाखवलेली लांबी तीन वर्षांच्या मुलाची नव्हतीच. ती तान्ह्याची होती.

मी दाखल्याचा फोटो परत उघडला. जन्मतारीख एक जून, मुक्तीच्या पुढच्या वर्षाची. वाचकांपैकी ज्यांचे वडील किंवा आजोबा खेड्यातल्या शाळेत गेले असतील त्यांना एक जून म्हणजे काय ते सांगायला नको. आईबापांना तारीख माहीत नसायची, मुख्याध्यापक एक जून लिहून मोकळे व्हायचे, आणि पुढे नोकरीत फायदा म्हणून वर्षं दोन-चार कमी करायचे. माझी स्वतःचीही एक जूनच. माझ्या बॅचचे निम्मे अधिकारी एकाच दिवशी, एकतीस मेला निवृत्त झाले. आणि त्या दाखल्याला मी पुरावा म्हणून हातात घेऊन बसलो होतो! पोर्तुगीज दप्तरातल्या नोंदीवर माझा संशय, आणि मुख्याध्यापकाच्या अंदाजावर विश्वास.

माझा एक जुना हवालदार निवृत्त होऊन बांद्याला राहतो. पेडणे तिथून जवळ. शुक्रवारी पहाटे त्याला फोन लावला.

"जय हिंद साहेब! इलात काय विमानान?"

"नाही रे, अजून इथेच. एक काम आहे. गुपचूप."

"सांगा. घराकडे बसान बायलेचे बोलणे खातंय. त्यापरास तुमचा काम बरा."

त्याला गाव सांगितलं, घर सांगितलं. चुलतभावाला कळू न देता इतकंच काढायचं होतं: काजूच्या झाडाखाली कोण आहे, आणि मुक्तीच्या आठवड्यात त्या घरात कोण येत-जात होतं. हवालदार दोन दिवस मोटारसायकलवर फिरला. मास्क असल्यामुळे कुणी ओळखलं नाही, हे त्याने मला तीनदा सांगितलं.

ते दोन दिवस मी कालव्यावर गेलो नाही. घराच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. शनिवारी म्हातारा समोरून गेला. फाटकापाशी थांबला, मागे बघितलं, कुणालातरी पुढे येऊ दिलं आणि मग चालू लागला. मुलगी माझ्या मागे उभी होती. ती पडदा ओढून गेली.

एका गोष्टीचा मी त्या दोन दिवसांत खूप विचार केला. पोलीस ठाण्यात एक अधिकारी बदलून दुसरा येतो तेव्हा चार्ज द्यावा-घ्यावा लागतो. हत्यारं, मुद्देमाल, प्रलंबित प्रकरणं, कोठडीतले आरोपी, सगळ्याची यादी होते, दोघांच्या सह्या होतात. मधल्या एका तासातही ठाण्याला मालक असतो. एक राज्य जाऊन दुसरं येतं तेव्हा मात्र मधले काही दिवस असे असतात की जुना अंमलदार दप्तर टाकून गेलेला आणि नवा अजून आलेला नाही. त्या दिवसांत कोणी जन्मलं, कोणी मेलं, तर लिहायचं कोणी? तो मृत्यू कोणत्याच चार्जात आला नाही. ज्याने जे सांगितलं ते खरं ठरलं.

रविवारी दुपारी हवालदाराचा फोन आला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"साहेब, एक म्हातारी गावली. नव्वदीक पोचली, पण शुद्धीवर आसा. तिची आवस सुईण. त्या आठवड्यात ही त्या घरात होती. तिचा बोलणा टेप केलंय. तुमीच ऐका. माका सांगूक जमाचा नाय."

त्याने पाठवलेलं मी एकट्याने ऐकलं. आधी कोंबड्यांचा आवाज, मग म्हातारीचा, थांबत थांबत.

"आदली दोन गेल्ली तिची. घोव गेल्लो. त्या रातीक ह्या लहानग्या गेला, बारसा नाय झालेला. मोठ्याकय ताप. माझ्या आवशीन तिका सांगल्यान, बाय, आता मोठ्याक वाचवचा तर मोठोच गेलो म्हणान सांग. मोठ्यान रड. त्येचा नाव घेवन रड. मरणाक वाटांदे, आपला काम झाला. ती रडली. सगळ्या वाड्यान ऐकला. मगे मी मोठ्याक कोंड्याच्या पायलेक इकत घेतलंय आणि दगडाचा नाव घालून तिका परत दिलंय. चादरीत गुंडाळून घेवन गेली ती. सांगलेला होता, पोरगो बारा वर्सांचो झालो की घेवन ये, नाव परत फिरवया. ती येवकच नाय."

मधे बराच वेळ फक्त कोंबड्या. मग म्हातारीने हवालदाराला विचारलं, "वाचलो मा रे तो?"

मी ते तीनदा ऐकलं. मूल कोंड्याच्या मोबदल्यात विकून परत घेणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे, ऐकलेली होती. पण मरणाला फसवायला जिवंत पोराच्या नावाने रडणं आणि पुढे जन्मभर त्याच्या नावाने पान वाढणं, हे ऐकलेलं नव्हतं. त्या बाईने मरणाला फसवलं, गावाला फसवलं, भावकीला फसवलं. आणि नाव उलटं फिरवायचं राहून गेल्यामुळे पोरालाही. माहेरच्यांना ते तीन वर्षांचं पोर दिसलंच असेल, पण त्याच भीतीने त्यांनीही तोंड मिटलं असणार. का आली नाही परत, ते कळायला मार्ग नाही. मला वाटतं तिची हिंमत झाली नसावी. बारा वर्षांनंतरही मरण कुठेतरी ऐकत असेल, असं वाटलं असेल.

चार वाजता मी म्हाताऱ्याला आणि त्याच्या मुलाला त्यांच्या मागच्या अंगणात गाठलं. सून स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीत उभी. मी काही प्रस्तावना केली नाही. मोबाइल अंगणाच्या बुटक्या भिंतीवर ठेवला आणि टेप लावली.

म्हातारा शेवटपर्यंत हलला नाही. टेप संपल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे काय? काका, म्हणजे बाबाच..."

"तुझे बाबा थोरले. नोंद त्यांचीच. मेला तो तान्हा. तुम्ही खोटं समजून केलेलं प्रतिज्ञापत्र खरं आहे. यात तुमची मोठी मर्दुमकी नाही, तुम्ही खोटंच करायला निघाला होता. पण झालं ते खरं. चुलतभावाने दाखला कुठेही पोचवू दे. म्हातारीचा जबाब तिथल्या वकिलासमोर नोंदवून घ्या, ती आहे तोवर."

सून खिडकीतच रडायला लागली. मुलगा खाली पायरीवर बसला. म्हातारा मात्र माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. तिथे आधी कधी न दिसलेली भीती होती.

"म्हणजे आवस माझ्या नावान रडली," तो म्हणाला. "आणि मी जेवलंय ता पान माझा."

"हो."

"साठ वर्सां मी मेल्लंय."

मग त्याने फार हळू विचारलं, "मगे साहेब, फाटसून येता तो कोण?"

उत्तर त्यानेच दिलं. "त्येका नावच नाय," तो म्हणाला. "म्हणान माझा मागता."

सोमवारी तो गार्डा स्टेशनला गेला नाही. सकाळी दहाला त्याने मला बोलावलं. आम्ही परत बाकावर. धुकं तसंच. त्याने कोटाच्या खिशातून नातीच्या वहीचे दोन कोरे कागद काढले आणि म्हणाला, "लिवा. तुमच्या पोलिसी रीतीन लिवा."

"हे कागद कुठे चालायचे नाहीत."

"माका खय चालवचे आसत? लिवा."

मी लिहिलं. मी, खाली सही करणार, वय बासष्ट, समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की. नोकरीत हजारो वेळा लिहिलेली ओळ. चौतीस वर्षं माणसांनी मला सांगितलं की मी हे केलं, मी ते केलं नाही. मी तो माणूस आहे ज्याचं नाव कागदावर आहे, असा जबाब मी पहिल्यांदाच घेतला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं लोक विचारतात तेव्हा मी एवढंच सांगतो. गुरुवारी पाऊण तासात मी एका निर्दोष माणसाकडून पूर्ण कबुली घेतली होती. मारहाण नाही, धमकी नाही, शब्दाचंही आमिष नाही. तो मनापासून खरं बोलत होता आणि त्यातलं एकही अक्षर खरं नव्हतं. माणूस कबुली देतो ती त्याला जे खरं वाटतं त्याची. त्याला ते कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कशाच्या भीतीने सांगितलं, हे विचारायला मी नोकरीत किती वेळा थांबलो? जुनी प्रकरणं आता मी डोक्यात परत उघडून बसतो. काही बंद होतात, काही होत नाहीत. त्यातली माणसं शिक्षा भोगून सुटलीही असतील. त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत.

जबाब पुरा झाला. म्हाताऱ्याने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि पेन हातात धरून थांबला.

"त्येचाय लिवा."

"कुणाचं?"

"धाकट्याचा. सरकारान लिवला नाय. ह्या सरकारान नाय, त्या सरकारान नाय. तुमी लिवा."

"नाव काय लिहू?"

त्याने थोडा विचार केला आणि स्वतःचं घरातलं नाव सांगितलं, दगडाचं, ज्या नावाने त्याला साठ वर्षं हाका मारल्या होत्या. "माका आता नको ता. त्येका देवा."

मी दुसऱ्या कोऱ्या कागदावर लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, गाव, वय तान्हा, मुक्तीच्या आठवड्यात तापाने वारला, काजूच्या झाडाखाली ठेवला. नोंद करणारा म्हणून खाली सही केली, आणि सवयीने हुद्दाही लिहिला. मग त्यातला 'निवृत्त' हा शब्द राहिला म्हणून वर बारीक अक्षरात घातला. म्हाताऱ्याने साक्षीदार म्हणून आपलं पासपोर्टवरचं नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं, पहिलीतल्या मुलासारखं, आणि मग आपल्या जबाबावरही त्याच नावाने सही केली. त्या पोराची जगात ही एकच नोंद आहे. कुठल्याही दप्तरात ती चालणार नाही. कागद त्याने घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि आम्ही दोघं उठून घराकडे निघालो.